बारा लिटर शुद्ध पाणी

"पाण्याचं माझ्यावर सोड," असं थेंबराव म्हणाले आणि तिथेच सगळं बिनसायला सुरुवात झाली.

थेंबराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. शहराला पाणी पुरवणाऱ्या खात्याच्या प्रयोगशाळेत ते एकतीस वर्षं पाणी तपासत होते. कुणाकडेही गेले की पुढ्यात आलेला पाण्याचा पेला ते आधी उजेडाकडे धरायचे, मग हुंगायचे, मग एक घोट जिभेवर घोळवून "उत्तरेकडच्या टाकीचं दिसतंय" किंवा "क्लोरीनचा हात जरा सैल सुटलाय" असं जाहीर करायचे आणि मगच प्यायचे. यजमान बिचारे ओशाळून जायचे, जणू क्लोरीन त्यांनीच टाकलंय. ऑफिसात कुणीतरी एकदा थेंबराव म्हणालं आणि ते नाव कायमचं चिकटलं. घरी मात्र बायको त्यांना 'अहो' म्हणे आणि थोरली बहीण, ते सत्तावन्न वर्षांचे होऊनही, 'बाळ'.

त्या रविवारी सकाळी ताई आली ती एक जुनी चामडी पिशवी घेऊन. कपाट आवरताना सापडली म्हणाली. पिशवीत बाबांचा कॅमेरा होता आणि कॅमेऱ्यात रोल. वरच्या काचेतला आकडा तेवीसवर थांबला होता.

"तळ्यावरच्या सहलीचा आहे," ताई म्हणाली. "त्यानंतर बाबांनी कॅमेरा हातात घेतलाच नाही."

ती सहल चाळीस वर्षांपूर्वीची. सगळी निघाली होती, हेच तेवढे गेले नव्हते. निघायच्या आदल्या दिवशी सतरा वर्षांच्या बाळने बाबांकडे कॅमेरा मागितला होता. बाबा म्हणाले, "तुझा हात हलतो." तेवढ्यावरून हा रुसला आणि मित्राच्या घरी जाऊन बसला. बाबांनी एकदा निरोप धाडला, आईने दोनदा. हा काही हलला नाही. चौघांची सहल तिघांनी केली. पुढच्या उन्हाळ्यात आई गेली. त्यानंतर सहल म्हणावी अशी कधी झालीच नाही.

"आई नावेत बसली होती," ताई सांगू लागली. "तुला माहितीये, फोटो म्हटला की ती चेहरा असा करायची, जसं काही दात काढायला बसलीये. पण त्या दिवशी बाबांचा बूट पाण्यात पडला आणि ती जी हसत सुटली, माझा दंड धरून हसत होती. बाबांनी तेव्हा फोटो काढले. त्या रोलमध्ये आई हसते आहे, बाळ."

घरात आईचे फोटो मोजून तीन. तिन्हींत ती दाताच्या डॉक्टरकडे बसल्यासारखी.

"परगावी एक जण आहे, तो अजून असले जुने रोल धुऊन देतो म्हणे," ताई म्हणाली. "पार्सलने पाठवते त्याला."

"आईला पार्सलने पाठवणार तू?"

"मग काय करू?"

"मी आहे की. घरी करता येतं हे. दोन औषधं आणि पाणी. त्यात दहातले नऊ भाग पाणीच. आणि पाण्यात मला कोण शिकवणार? पाण्याचं माझ्यावर सोड."

ताईने भावजयीकडे पाहिलं. भावजयीने छताकडे पाहिलं. पण ताईचा धाकट्या भावावर जुना जीव होता. तिने पिशवी त्यांच्याकडे सरकवली.

थेंबरावांनी दुसऱ्याच दिवशी बाजारातला शेवटचा उरलेला फोटोवाला गाठला. म्हातारबाबांनी फळीवरून धूळ झटकत दोन पाकिटं काढून दिली, एक गोल झाकणाची टाकी दिली आणि एक छोटी पुस्तिका दिली. "हे डेव्हलपर. हे चित्र उमटवतं. आणि हे फिक्सर. हे उमटलेलं पक्कं करतं आणि न उमटलेलं धुऊन टाकतं. तेव्हा एक गोष्ट नीट लक्षात ठेवा, यातलं आधी..."

"पाणी कोणतं लागेल?" थेंबरावांनी विचारलं.

"अं? कुठलंही चालतं. शुद्ध असलं तर बरं."

"शुद्ध म्हणजे किती शुद्ध?"

म्हातारबाबा बघतच राहिले. चाळीस वर्षांत त्यांना हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. त्यांचं मघाचं वाक्य अर्धवट राहिलं ते राहिलंच.

पुस्तिकेत लिहिलं होतं, 'औषधे कालवण्यास व शेवटच्या धुण्यास शक्यतो शुद्ध पाणी वापरावे.' सरकारी कागदावर 'शक्यतो' या शब्दाचा अर्थ 'नाही केलंत तर बघून घेऊ' असा असतो आणि थेंबराव आयुष्यभर सरकारी कागदच वाचत आले होते. त्यांनी ठरवलं, औषधं तर शुद्ध पाण्यात कालवायचीच, पण मधली सगळी धुणीही शुद्ध पाण्यातच करायची. चाळीस वर्षं वाट पाहिलेल्या आईच्या चेहऱ्यावर नळाच्या पाण्यातल्या क्षाराचा एक ठिपकासुद्धा पडता कामा नये. बेरीज केली तर बारा लिटर झालं.

आता कुणीही म्हणेल, प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माणसाला शुद्ध पाण्याचा काय तोटा? तिथे तर ऊर्ध्वपातनाचं मोठं यंत्रच होतं. पाण्याची वाफ करायची आणि वाफेचं पुन्हा पाणी करायचं. सगळे क्षार खाली राहतात. रोज पिंपभर पाणी निघायचं. पण यंत्राशेजारी भिंतीवर एक पाटी होती: 'येथील पाण्याचा थेंबही बाहेर नेण्यास सक्त मनाई आहे.' सहा वर्षांपूर्वी एका शिपायाने स्कूटरच्या बॅटरीत घालायला बाटलीभर पाणी नेलं, तेव्हा ही पाटी लावली गेली. पाटीखाली सही थेंबरावांची होती. मंगळवारी ते त्या पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. शिपाई लांबून बघत होता.

मग ते बॅटरीच्या दुकानात गेले. दुकानदाराने शुद्ध पाण्याचा कॅन पुढे ठेवला. थेंबरावांनी खिशातून पेनाएवढं मीटर काढलं. पाण्यात बुडवलं की त्यात किती क्षार आहेत ते आकड्यात सांगणारं यंत्र ते. आकडा पाहून त्यांच्या भिवया वर गेल्या.

"हे नळाचं पाणी आहे."

"साहेब, कंपनीचा माल आहे."

"उत्तरेकडच्या टाकीचं आहे. परवा दुपारचं."

दुकानदाराला हे मनकवडेपण सहन झालं नाही. "तुम्हाला बॅटरीत घालायचंय की देवाघरी न्यायचंय?" असं तो म्हणाला आणि कॅन मागे ओढून घेतला.

औषधांच्या दुकानात निराळीच तऱ्हा. इंजेक्शनात मिसळायचं निर्जंतुक पाणी तिथे होतं, शुद्धही होतं, पण बोटाएवढ्या काचेच्या कुप्यांतून.

"किती देऊ?" दुकानदारीणबाईंनी विचारलं.

थेंबरावांनी मनात भागाकार केला. "बाराशे."

बाईंनी चष्मा काढला. "पेशंट कोण आहे?"

"पेशंट नाही. आई आहे."

"वय?"

"नाही, म्हणजे ती एकोणचाळीस वर्षांपूर्वीच गेली."

बाईंनी आतल्या मदतनीस मुलीला हाक मारली आणि दोघी मिळून त्यांच्याकडे ज्या नजरेने पाहू लागल्या, ती पाहून थेंबराव डोकेदुखीची एक गोळी घेऊन बाहेर पडले. त्यांचं डोकं तोवर दुखत नव्हतं.

शेवटी त्यांनी घरीच पाणी करायचं ठरवलं. कुकरची शिट्टी काढून तिथे रबरी नळी बसवली, नळी बर्फाच्या बादलीतून फिरवून खिडकीच्या कट्ट्यावर आणली आणि तोंडाशी बाटली ठेवली. पहिल्या दिवशीचं पाणी फेकून द्यावं लागलं, कारण त्याला उकडलेल्या बटाट्यांचा वास येत होता. नंतर मात्र काम सुरळीत झालं. ऑफिसातून आलं की गॅस पेटवायचा, स्टुलावर बसायचं आणि थेंब मोजायचे. तासाला अर्धा लिटर. स्वयंपाकघराच्या भिंतींना घाम फुटला. कॅलेंडर ओलं होऊन खाली गळून पडलं. बायको आठ दिवस कढईत शिजवत होती आणि जे काही शिजत होतं ते भांडी आपटत वाढत होती.

"अहो, शेवटचं धुणं तेवढं शुद्ध पाण्यात केलं तर नाही चालणार?" तिने एकदा विचारलं. पुस्तिका तिनेही वाचली होती.

"तू यात पडू नकोस. हे पाण्याचं काम आहे."

चौथ्या दिवशी संध्याकाळी दारावर हलकेच टकटक झाली. तळमजल्यावरचे बंबवाले होते. आयुष्यभर आगीच्या बंबावर नोकरी करून आता निवृत्त झालेले. आत येऊन त्यांनी स्वतःच दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

"मी कुणापाशी बोललो नाही."

"काय बोलला नाहीत?"

"खालून नळी दिसते. रोज संध्याकाळी टपटप, टपटप. म्हटलं, इतकी वर्षं शेजारी राहतो, एवढा शांत माणूस, कधी वाटलं नाही." त्यांनी सदऱ्याच्या खिशातून स्टीलचा छोटा पेला काढला. "थोडंसंच."

"अहो, हे पाणी आहे."

"हो हो. पाणीच." बंबवाल्यांनी डोळा मारला.

थेंबरावांनी पुष्कळ समजावलं. पण पाणी शुद्ध आहे, तीनदा तपासलंय, असं म्हणाले की बंबवाल्यांच्या डोळ्यांतला आदर वाढतच जायचा. अखेर त्यांनी अर्धा पेला भरून दिला. बंबवाले डोळे मिटून प्यायले, थोडा वेळ थांबले आणि म्हणाले, "मंद आहे. पण मागून येतं." मग कठडा धरून, एकेक पायरी जपत, ते खाली उतरले.

नवव्या दिवशी बारा लिटर भरलं. सारख्या आकाराच्या बारा बाटल्या ओळीने उभ्या राहिल्या आणि मीटर प्रत्येकीत जवळजवळ शून्यावर थांबलं. थेंबरावांनी त्या ओळीकडे ज्या नजरेने पाहिलं, तसं त्यांनी लग्नानंतर आपल्याकडे कधी पाहिल्याचं बायकोला आठवेना.

शनिवारी संध्याकाळी त्यांनी फिक्सर कालवलं, कारण ते चांगलं टिकतं. रविवारी सकाळी डेव्हलपर कालवलं, कारण ते ताजं लागतं. इथवर सगळं पुस्तिकेप्रमाणे. दोन्ही औषधं तशाच दोन बाटल्यांत भरली आणि बाटल्यांवर प्रयोगशाळेच्या शिस्तीप्रमाणे चिठ्ठ्या चिकटवल्या: न-१ आणि न-२. म्हणजे नमुना एक, नमुना दोन.

"यातलं कोणतं काय आहे?" बायकोने विचारलं.

"ते बाटलीवर लिहायचं नसतं. नमुन्याचं नाव वाचलं की तपासणाऱ्याचं मन कलुषित होतं."

"मग कळणार कसं?"

"नोंदवहीत लिहिलंय."

न्हाणीघराच्या खिडकीला त्यांनी दोन घोंगड्या टांगल्या, दाराच्या फटीत टॉवेल कोंबले आणि काळोखात बसून रोल टाकीतल्या चकरीवर गुंडाळायला घेतला. हे काम नुसत्या बोटांनी करायचं असतं. पाच मिनिटांचं काम अर्धा तास चाललं. आतून कधी काहीतरी पडल्याचा आवाज यायचा, कधी सुस्कारा.

"अहो, बरे आहात ना?"

"उजेड पाडू नकोस."

"मी नुसती बोलतेय. टॉर्च मारत नाहीये."

शेवटी ते घामाने निथळत बाहेर आले. हातात बंद टाकी होती. आता उजेडाची भीती नव्हती. टाकीच्या झाकणातल्या नळीतून औषध ओतायचं, हलवायचं, काढायचं, एवढंच उरलं होतं. ओट्यावर न-१ आणि न-२ शेजारी शेजारी उभ्या होत्या. थेंबरावांनी न-१ उचलली.

"वही बघा ना एकदा," बायको म्हणाली.

"एक म्हणजे एक. आधी एक, मग दोन. यात बघायचं काय?"

वही आतल्या खोलीत, फळीवर होती. ओट्यापासून बारा पावलांवर. ती बारा पावलं थेंबरावांनी पुढे कितीतरी वेळा मोजली.

न-१ टाकीत गेली. मनगटावरच्या घड्याळाकडे बघत त्यांनी टाकी उलटी-सुलटी केली, मिनिटाला चार वेळा, बरोबर दहा मिनिटं.

"आंबट वास येतोय कसला तरी," बायको म्हणाली.

"औषध आहे. वास येणारच."

मग न-२. मग धुणी. बाटलीमागून बाटली रिकामी होत गेली. एवढं निर्मळ पाणी त्या मोरीतून पूर्वी कधी वाहिलं नसेल. शेवटची बाटली संपल्यावर थेंबरावांनी हात पुसले, टाकीचं झाकण फिरवलं आणि चकरीवरून फिल्म उलगडली.

फिल्म पारदर्शक होती. त्यांनी ती खिडकीशी धरली. पलीकडच्या इमारतीच्या दोरीवर वाळत घातलेले मोजे तिच्यातून स्वच्छ दिसत होते. त्यांनी आणखी उलगडली. तिथेही मोजेच. दीड हात, दोन हात, शेवटपर्यंत. आई नव्हती, नाव नव्हती, तळं नव्हतं.

ते बारा पावलं चालत गेले आणि वही उघडली. त्यांच्याच सुबक अक्षरात लिहिलं होतं: 'न-१, फिक्सर, शनिवार. न-२, डेव्हलपर, रविवार.' आधी कालवलं ते एक, नंतर कालवलं ते दोन. शिस्तीत काही चूक नव्हती. जे औषध न उमटलेलं सगळं धुऊन टाकतं, ते त्यांनी चित्र उमटायच्या आधीच ओतलं होतं.

तरी माणूस आशा सोडत नाही. त्यांनी पुस्तिकेचं शेवटचं पान काढलं. 'फिल्म कोरी निघाल्यास कडेचे छापील आकडे पाहावेत. आकडे दिसत असल्यास मुळात फोटो काढलेच गेले नव्हते असे समजावे. आकडेही नसल्यास फिक्सर आधी ओतले गेले.' थेंबराव भिंग घेऊन फिल्मची कड या टोकापासून त्या टोकापर्यंत शोधत गेले. एकही आकडा नव्हता.

बायको शेजारी उभी होती. ती एक शब्द बोलली नाही. एकोणतीस वर्षांच्या संसारात बोलायची इतकी चांगली संधी तिने कधी सोडली नव्हती, त्यामुळे त्यांना जास्तच भीती वाटली.

तेवढ्यात फोन वाजला.

"आली का आई?" ताईने विचारलं.

थेंबरावांच्या हातात फिल्म तशीच ओली लोंबत होती. त्यांनी ती पाठीमागे घेतली, जसं काही ताईला फोनमधून दिसणार होतं.

"ताई, फिल्म कोरी निघाली."

"कोरी म्हणजे?"

"काहीच नाही तीवर."

पलीकडे ताईने श्वास सोडला. "बाबा," ती म्हणाली. "झाकण काढायचं विसरले असतील. कॅमेऱ्याच्या तोंडावरचं."

आता खरं सांगायची वेळ होती. त्याला फार शब्द लागले नसते. थेंबरावांनी बायकोकडे पाहिलं, ओट्यावरच्या दोन बाटल्यांकडे पाहिलं आणि म्हणाले, "असेल."

बस्स, एवढंच. एक शब्द. पण त्या एका शब्दाने पुढचे आठ दिवस थेंबरावांना पिळून काढलं.

ताईने रडू आवरून ती गोष्ट हसण्यावारी नेली आणि काकांना सांगितली. काका म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ. वय चौऱ्याऐंशी, कान गेलेले, आवाज शाबूत. थोरल्या भावाच्या फोटोच्या नादावर ते हयातभर हसत आले होते आणि भाऊ गेल्यापासून त्यांना हसायला नवीन काही मिळालं नव्हतं. त्यांनी लगेच आत्याला फोन केला. आत्याने तिच्या मुलांना सांगितलं. मंगळवारपर्यंत सगळ्या नात्यागोत्यात पसरलं की बाबांनी चार दिवस झाकण लावून फोटो काढले.

"तुझा बाप म्हणजे कमाल माणूस," काका थेंबरावांना फोनवर म्हणाले. "एक डोळा मिटून, श्वास रोखून, आम्हाला ताटकळत उभं करून, झाकणाचा फोटो काढायचा." आणि ते इतके हसले की त्यांना ठसका लागला.

"नाही काका, म्हणजे, रोल जुना होता..."

"काय चुना होता?"

"काही नाही," थेंबराव म्हणाले.

हात हलतो म्हणून ज्या माणसाने कॅमेरा हातात दिला नव्हता, तो किती जपून फोटो काढायचा हे त्यांना ठाऊक होतं. ऑफिसात त्यांनी एका नमुन्याच्या कागदावर दोनदा सही केली. बायको रोज रात्री ताटं वाढताना फक्त एवढंच विचारायची, "आज सांगितलंत?" आणि ते मान हलवायचे.

पुढच्या रविवारी ताई पुन्हा आली. बसलीही नाही. हातात एक छोटी वही होती, पानं पिवळी पडलेली.

"काका हसले ना, ते मला लागलं," ती म्हणाली. "म्हटलं, ते झाकण तरी आहे का बघू. कॅमेऱ्याच्या पिशवीचे कप्पे तपासले. हे सापडलं."

बाबांची नोंदवही होती. प्रत्येक फोटोला एक ओळ. आकडा, उजेड कसा होता, कोण, कुठे. आणि ओळीच्या शेवटी एक रकाना, वर लिहिलेलं: 'झाकण काढले'. त्या रकान्यात तेवीस बरोबरच्या खुणा. थेंबरावांनी ती वही हातात घेतली. अक्षर बाबांचं होतं, पण अशी रकाने पाडलेली वही त्यांनी आणखी एकाच माणसाची पाहिली होती.

'१४. ती, नावेत. तोंड फिरवले.'

'१५. ती, नावेत. पुन्हा फिरवले.'

'१६. माझा बूट पाण्यात. ती हसली. हात हलला असावा, तरी हरकत नाही.'

'१७. ती, अजून हसते आहे.'

असं करत करत तेविसापर्यंत. त्याखाली आणखी एक ओळ होती. तिच्यापुढे खूण नव्हती.

'२४. शिल्लक. घरी गेल्यावर बाळला काढू देणे.'

ताई म्हणाली, "म्हणून तो रोल कॅमेऱ्यातच राहिला. तू काढशील म्हणून त्यांनी ठेवला असणार. मग तुझा रुसवा महिनाभर चालला, आणि मग आईचं दुखणं निघालं." ती खुर्चीवर बसली. "पण मला एक सांग, बाळ. तेवीस वेळा झाकण काढलंय. मग फिल्म कोरी कशी निघाली?"

थेंबरावांनी वही टेबलावर ठेवली. उचलली. परत ठेवली.

"ताई, फोटो होते," ते म्हणाले. "मी घालवले."

आणि मग त्यांनी सगळं सांगितलं. पाटी, कुप्या, कुकर, बारा लिटर, न-१, न-२. सांगताना कशालाही हसू येत नव्हतं. ताई ऐकत होती. मध्ये एकदाच तिने विचारलं, "तेवीसच्या तेवीस?"

"तेवीसच्या तेवीस."

"माझं काय," ताई म्हणाली. "मी तिथे होते. डोळे मिटले की मला दिसते ती. तुलाच बघायची होती, बाळ." तिने डोळे पुसले. मग तिचा आवाज बदलला. "पण तू मला 'असेल' म्हणालास. आठ दिवस मी बाबांना हसले. काकांबरोबर बसून हसले."

"चुकलं माझं."

"मला नको सांगूस. काकांना फोन लाव."

थेंबरावांनी फोन लावला. काकांना ऐकू जावं म्हणून ते इतक्या मोठ्याने बोलत होते की खाली बंबवाल्यांनी खिडकी उघडल्याचा आवाज आला.

"काका, बाबांची चूक नव्हती. झाकण काढलेलं होतं. मी औषध उलटं ओतलं."

"कोण उलटलं?"

"औषध. दोन बाटल्या होत्या. नंतर ओतायची ती मी आधी ओतली. फोटो माझ्या हातून गेले. मी खोटं बोललो."

पलीकडे शांतता. ही शांतता काकांच्या बाबतीत इतकी नवीन होती की थेंबरावांनी फोन कानापासून दूर करून बघितला. मग काकांचा आवाज आला, भरून आलेला.

"कळलं रे मला. सगळं कळलं. बाप गेला तरी त्याचं नाव जाऊ नये म्हणून तू आळ स्वतःवर घेतोयस."

"नाही काका. खरंच माझी..."

"अरे, एकतीस वर्षं पाणी तपासणारा माणूस तू. थेंब बघून टाकी सांगणारा. तुझ्या हातून दोन बाटल्यांची अदलाबदल होईल? हे मी मानू? रडवलंस मला म्हाताऱ्याला. यापुढे झाकणाचं नाव काढणार नाही मी. तुझ्यासाठी नाही काढणार. पण असा मुलगा मिळायला भाग्य लागतं आणि ते माझ्या भावाला मिळालं, हे मात्र मी सगळ्यांना सांगणार."

"काका, ऐका तरी..."

काकांनी फोन ठेवला होता.

"काय म्हणाले?" ताईने विचारलं.

थेंबरावांनी जमिनीकडे बघत सांगितलं. बायकोने आधी ओठ मुडपले, मग पदर तोंडाशी धरला. ताईने मात्र हात पुढे केला.

"दे इकडे. मी सांगते त्यांना."

तिने नंबर फिरवला. लागला नाही. दोन मिनिटं थांबून पुन्हा फिरवला. तरी लागला नाही. मग तिने आत्याचा लावून पाहिला, तर तोही तसाच.

"दोघांचेही व्यस्त आहेत," ताई म्हणाली आणि फोन टेबलावर बाबांच्या वहीशेजारी ठेवला.